पत्ता कुणाला विचारायचा?

घरचं नेट रेंगाळलं की सल्ला देणारे पटकन भेटतात. पुण्याचा भाचा फोनवर सांगतो, वरच्या मजल्यावरचा इंजिनीअर मुलगा जिन्यात सांगतो, वायर जोडायला आलेला केबलवाल्याचा पोऱ्याही जाता जाता सांगतो: ‘डीएनएस बदला. चार वेळा आठ टाका. नेट पळायला लागेल.’ आकडे टाकले जातात, दोन दिवस नेट पळाल्यासारखं वाटतं, आणि तिसऱ्या दिवशी ऐन मालिकेच्या वेळी पडद्यावरचं चक्र पुन्हा फिरत बसतं. दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असा हा प्रकार आहे. डीएनएस बदलायला चांगली कारणं आहेत. वेग हे त्यातलं सगळ्यात दुबळं.

म्हैसूरचा अग्रहार डोळ्यांपुढे ठेवून हे लिहीत आहे. नूरोंदु गणपतीचं, म्हणजे एकशे एक गणपतींचं देऊळ, रामानुज रोड, जुनी बैठी घरं आणि त्यांच्या मधे उगवलेल्या तीन-चार मजली इमारती, असा हा भाग. म्हैसुरात मराठी बोलणारी घरं तऱ्हेतऱ्हेची आहेत. पिढ्यान्‌पिढ्या कर्नाटकात असलेली भावसार आणि मराठा कुटुंबं आहेत, सीएफटीआरआय किंवा भारतीय भाषा संस्थानासारख्या केंद्रीय संस्थांत नोकरीला आलेली आणि मग इथलीच झालेली आहेत, आणि हेब्बाळच्या आयटी कंपन्यांत लागलेली तरुण मंडळी आहेत. घर कुणाचंही असो, आतलं चित्र साधारण सारखंच: पुढच्या खोलीत राऊटर, मागच्या खोलीत टीव्ही, मधे दोन जाड भिंती, चार फोन, एक लॅपटॉप, आजी-आजोबा दिवसभर घरात, शाळेतून आलेली मुलं संध्याकाळी.

म्हणून डीएनएसला हात लावण्याआधी एक साधी तपासणी करा. राऊटरशेजारी उभं राहून फोनवर वेग मोजा आणि मग मागच्या खोलीत जाऊन मोजा. दोन्हींत मोठा फरक पडला तर दोष भिंतींचा आहे. राऊटर मधल्या जागी हलवा, नाहीतर मागे दुसरा लावा. राऊटरशेजारीही वेग कमी आणि तोही फक्त रात्री आठ ते दहात, तर गर्दी पुढच्या वायरीत आहे. या दोन्ही दुखण्यांवर जगातला कुठलाही डीएनएस उपाय नाही.

मग तो करतो काय? इंटरनेटवरची यंत्रं एकमेकांना नावांनी नव्हे, आकड्यांनी गाठतात. तुम्ही वर्तमानपत्राच्या साइटचं नाव टाइप केलंत की त्या नावाचा आकडी पत्ता आधी कुणाला तरी विचारावा लागतो. १९८३ पर्यंत सगळ्या नावांची एकच यादी कॅलिफोर्नियातल्या एका संस्थेत ठेवलेली असे आणि बाकीचे ती उतरवून घेत. त्या वर्षी पॉल मोकापेट्रिस यांनी कामाची वाटणी करणारी आजची पद्धत मांडली. आज तुमचा फोन हा प्रश्न सहसा तुमच्या इंटरनेट कंपनीच्या यंत्राला विचारतो. ते यंत्र पुढे चार ठिकाणी चौकशी करून उत्तर आणतं आणि काही काळ लक्षात ठेवतं. सार्वजनिक डीएनएस म्हणजे हेच काम कुणालाही फुकट करून देणारी त्रयस्थ सेवा.

नव्या गावात नाक्यावरच्या पानवाल्याला पत्ता विचारावा, तसं हे आहे. तो चटकन सांगतो की पान लावून झाल्यावर, याने फारसं बिघडत नाही. पण तुम्ही कुणाकडे जाता, किती वाजता, आठवड्यातून किती वेळा, हे त्याला बसल्या जागी कळतं. आणि मनात आणलंच तर तो चुकीच्या दाराशीही पाठवू शकतो. डीएनएस निवडताना नेमक्या याच दोन गोष्टी बघायच्या: तो काय लक्षात ठेवतो, आणि कुठल्या दाराशी जाऊ देत नाही. वेग त्याच्यानंतर.

आधी कंपनीच्या स्वतःच्या डीएनएसची बाजू मांडतो, कारण ती सहसा कुणी मांडत नाही. मोठ्या व्हिडिओ सेवा आपला लोकप्रिय माल इंटरनेट कंपन्यांच्याच केंद्रांत आणून साठवतात. कंपनीच्या डीएनएसला विचारलं तर प्रश्न कुठून आला हे समोरच्याला नीट कळतं आणि जवळच्या साठ्याचा पत्ता मिळण्याची शक्यता वाढते. त्रयस्थ डीएनएसला विचारलं तर व्हिडिओ सेवेला दिसतो तो त्या डीएनएसच्या यंत्राचा पत्ता. ते यंत्र बेंगळुरूत असेल तर ठीक. मुंबईत किंवा सिंगापुरात असेल तर तुमच्या मालिकेचा साठाही तिकडचाच नेमून दिला जाऊ शकतो. गूगलचा डीएनएस ही अडचण टाळण्यासाठी विचारणाऱ्याच्या पत्त्याचा काही भाग पुढे कळवतो. क्लाउडफ्लेअर ही दुसरी सेवा खासगीपणापायी तो कळवत नाही. क्वाड-नाइन या तिसऱ्या सेवेचा नेहमीचा पत्ताही कळवत नाही. ज्यांना कळवलेला हवा त्यांच्यासाठी त्यांनी ९.९.९.११ असा वेगळा दरवाजा ठेवला आहे. म्हणजे डीएनएसचं उत्तर पाच मिलिसेकंद लवकर आलं आणि व्हिडिओ मात्र दूरच्या कोठारातून येऊ लागला, असा उलटा सौदाही होऊ शकतो. डीएनएस बदलल्यावर एखादंच अ‍ॅप अडखळू लागलं तर पहिला संशय याच गोष्टीवर घ्यावा.

अंतराचा हिशेब इथे कामाला येतो. काचेच्या तारेतून प्रकाश मिलिसेकंदाला साधारण दोनशे किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरवरच्या यंत्राला विचारून उत्तर यायला कमीत कमी दहा मिलिसेकंद लागणार; प्रत्यक्षात वळणं आणि थांबे धरून त्याहून जास्त. म्हैसूरहून बेंगळुरू दीडशे किलोमीटरच्या आत आहे, मुंबई हजारापलीकडे. मोठ्या सार्वजनिक सेवा एकच आकडा जगभरातल्या अनेक केंद्रांवर एकाच वेळी चालवतात आणि तुमचा प्रश्न कुठल्या केंद्रावर जाईल हे तुमच्या इंटरनेट कंपनीच्या वाटा ठरवतात. त्यामुळे रामानुज रोडवरच्या एका घरातून जो डीएनएस जवळचा, तो समोरच्या घरातून, कंपनी वेगळी असेल तर, लांबचा असू शकतो. ‘भारतातले पाच वेगवान डीएनएस’ असली यादी कितीही ताजी असली तरी तुमच्या घराबद्दल काही सांगत नाही. मोजायचं ते आपल्याच घरातून.

मोजणं अवघड नाही. विंडोजच्या काळ्या खिडकीत पिंग लिहून मोकळी जागा सोडायची आणि डीएनएसचा आकडा टाकायचा. मॅक किंवा लिनक्सवर डिग ही आज्ञा थेट उत्तराला लागलेला वेळ दाखवते. विंडोजसाठी स्टीव्ह गिब्सन यांचं डीएनएस बेंचमार्क नावाचं छोटं साधन चांगलं आहे. ते तुमच्या सध्याच्या डीएनएससकट अनेकांची तुलना करून देतं. संध्याकाळच्या गर्दीत मोजा, सकाळी सहाला सगळेच धावतात. दहा-पंधरा मिलिसेकंद आले तर केंद्र जवळ आहे. पन्नासच्या वर गेले तर प्रश्न बहुधा दूरवर फिरून येतोय; त्या सेवेचा नाद सोडा. आणि आठ मिलिसेकंद की बारा यावर घरात वाद घालू नका. एकदा मिळालेला पत्ता फोनही काही काळ लक्षात ठेवतो, तो फरक डोळ्यांना दिसत नाही.

एक सूचना. या लेखातले आकडे देवनागरीत छापले आहेत. राऊटरमध्ये भरताना ते इंग्रजीतच भरायचे, मधल्या टिंबांसकट.

आता उमेदवार. गूगलची सेवा डिसेंबर २००९ पासून आहे: ८.८.८.८ आणि ८.८.४.४. कामात पक्की. विचारणाऱ्याच्या पत्त्यासह ठेवलेली तात्पुरती नोंद एक-दोन दिवसांत पुसतो आणि कायमच्या नोंदीत तो पत्ता ठेवत नाही, असं तिचं जाहीर धोरण आहे. माझी अडचण धोरणाशी नाही. ज्यांच्याकडे आधीच आपली टपाल, नकाशे, फोटो आणि फोनची सगळी यंत्रणा आहे, त्यांनाच आपण कुठे जातो याची वहीही का द्यायची, एवढंच. तिच्यात वाईट साइट अडवणारी चाळणीही नाही.

क्लाउडफ्लेअरने १ एप्रिल २०१८ ला १.१.१.१ सुरू केला, जोडीला १.०.०.१. विचारणाऱ्याचा पत्ता डिस्कवर लिहीत नाही आणि बाकीच्या नोंदी दिवसभरातच पुसतो, असं कंपनी सांगते आणि त्याची बाहेरच्या लेखापरीक्षकांकडून तपासणीही करून घेतली आहे. २०२० मध्ये त्यांनी घरांसाठी दोन वेगळे दरवाजे उघडले. १.१.१.२ हा घातक साइट अडवतो; १.१.१.३ घातक आणि अश्लील, दोन्ही. जोडीचे आकडे अनुक्रमे १.०.०.२ आणि १.०.०.३.

क्वाड-नाइन, म्हणजे ९.९.९.९ आणि जोडीला १४९.११२.११२.११२, ही २०१७ मध्ये आयबीएम, पॅकेट क्लिअरिंग हाऊस आणि ग्लोबल सायबर अलायन्स यांनी मिळून सुरू केलेली ना-नफा सेवा. २०२१ मध्ये तिने मुक्काम स्वित्झर्लंडला हलवला. विचारणाऱ्याचा पत्ता नोंदवत नाही आणि घातक साइट मुळातच अडवते. नफ्यासाठी नसलेल्या संस्थेला जाहिराती विकायच्या नसतात, म्हणून माझा कल हिच्याकडे आहे. पण तिचं जवळचं केंद्र तुमच्या कनेक्शनला मिळतं का, हे मोजल्याशिवाय ठरवू नका.

ओपन-डीएनएस ही या धंद्यातली जुनी पेढी, २०१५ पासून सिस्कोच्या मालकीची. तिचा कुटुंबासाठीचा आकडा २०८.६७.२२२.१२३, जोडीला २०८.६७.२२०.१२३. अ‍ॅडगार्डचा ९४.१४०.१४.१४ जाहिराती आणि पाळत ठेवणारे पत्ते अडवतो, ९४.१४०.१४.१५ त्याच्या जोडीला अश्लील साइटही अडवतो आणि शोधयंत्रांना सुरक्षित शोधावर ठेवतो. जाहिराती गेल्या की वर्तमानपत्रांच्या साइट डोळ्यांना सुखावतात यात शंका नाही, पण अधूनमधून एखादं अ‍ॅप त्यापायी रुसतं, आणि घरातल्या ज्याने डीएनएस बदलला त्याच्या नावाने हाक येते. सरकारी नोकरीतल्यांना आणखी एक आकडा ऐकून माहीत असेल: १.१०.१०.१०. सरकारी संगणक यंत्रणा सांभाळणाऱ्या एनआयसीच्या २०२२ च्या सायबर सुरक्षा सूचनांत सरकारी कर्मचाऱ्यांनी संगणकात तो ठेवावा असं म्हटलं होतं. कार्यालयाच्या यंत्रात कार्यालय सांगेल तोच ठेवावा. कंपनीच्या लॅपटॉपचंही तसंच: व्हीपीएन चालू असताना तो आपला डीएनएस आपणच बघतो. त्याला हात लावून सोमवारी सकाळी आयटी विभागाला फोन करायची वेळ आणू नका.

चाळणीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण घरात वडीलधारे किंवा मुलं असतील तर डीएनएस बदलण्याचं सगळ्यात सबळ कारण हेच आहे. ‘वीजबिल थकलंय, आज रात्री साडेनऊला जोडणी तोडू’ असा मेसेज येतो, आजोबा घाबरून लिंकवर बोट ठेवतात, आणि समोर वीज कंपनीच्या साइटसारखंच पान उघडतं. म्हैसुरात वीज चामुंडेश्वरी वीज पुरवठा महामंडळाची आहे. नाव बदलतं, युक्ती तीच. असल्या बनावट पत्त्यांच्या याद्या सुरक्षा संस्था सतत जमवत असतात आणि क्वाड-नाइन किंवा १.१.१.२ सारख्या सेवा त्या वापरतात. पत्ता यादीत असेल तर आजोबांच्या बोटाने काही होत नाही, पान उघडतच नाही. मात्र आज सकाळीच जन्मलेला बनावट पत्ता यादीत नसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल डीएनएस तपासत नाही. फोनवर गोड बोलून ओटीपी काढून घेणाऱ्याला तर डीएनएसचा गंधही नसतो. म्हणजे चाळणीमुळे काही दगड अडतात, तांदूळ निवडायचं काम राहतंच. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने बँकांच्या साइट ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ने संपणाऱ्या नावांवर न्यायच्या होत्या, ही शेवटची दोन पदं बघायची सवय घरातल्यांना लावा. आणि पैसे गेलेच तर १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक, तो लगेच, तासाभराच्या आत लावा.

मुलांच्या बाबतीत चाळणीची मर्यादा आणखी स्पष्ट आहे. डीएनएसला साइटचं नाव कळतं, आतलं पान नाही. यूट्यूब उघडं असेल तर त्यातला कुठला व्हिडिओ चाललाय हे त्याला दिसत नाही. मुलाने वाय-फाय बंद करून मोबाइलचा डेटा लावला की राऊटरची चाळणी गेली. आणि चाळणी चुकतेही. १.१.१.३ सुरू झाला त्याच दिवशी त्याने एलजीबीटी समुदायाच्या साइटही अडवल्या होत्या. कंपनीने चूक कबूल करून ती दुरुस्त केली. तरीही आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या हाती चुकून काही लागू नये एवढ्यासाठी कुटुंबाचा डीएनएस पुरेसा आहे. पंधरा वर्षांच्या मुलासाठी तो पुरेसा नाही, तिथे बोलावं लागतं.

चाळणीने एखादी साइट अडवली की पडद्यावर ‘अडवली आहे’ असं बहुधा येत नाही, नुसतं ‘साइट सापडली नाही’ येतं. घरच्यांना वाटतं नेट गेलं. म्हणून चाळणी लावल्याचं घरात सगळ्यांना सांगून ठेवा, लपवून लावू नका. आणखी एक चूक सर्रास होते: पहिल्या रकान्यात १.१.१.३ आणि दुसऱ्यात ८.८.८.८. लोकांना वाटतं पहिला बंद पडला तरच दुसऱ्याला विचारलं जाईल. बरीच यंत्रं दोघांनाही मनाला येईल तसं विचारतात, आणि चाळणीला भोक पडतं. दोन्ही रकान्यांत एकाच सेवेचे, एकाच जातीचे आकडे हवेत.

आकडे भरायचे कुठे, यातच निम्म्या लोकांची फसगत होते. राऊटरमध्ये भरले तर घरातल्या सगळ्या यंत्रांना, टीव्हीलाही, लागू होतात. राऊटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर त्याचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, तो ब्राउझरमध्ये टाकून आत जायचं. डीएनएसचे रकाने अनेक राऊटरांत दोन ठिकाणी असतात: एक बाहेरच्या जोडणीच्या, म्हणजे वॅनच्या पानावर, दुसरे घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीच्या पानावर. पहिल्या ठिकाणी बदलून फरक पडला नाही तर दुसरं बघा. काही कंपन्यांच्या राऊटरमध्ये ही पानं कुलूपबंद असतात. मग पर्याय दोन: आपला स्वतःचा राऊटर मागे जोडणं, किंवा प्रत्येक फोनमध्ये स्वतंत्र भरणं.

आत शिरलातच आहात तर राऊटरचा पासवर्ड आधी बदला. ही पुस्ती नाही, डीएनएसचाच भाग आहे. जुलै २०१७ मध्ये कर्नाटकात बीएसएनएलचे हजारो ब्रॉडबँड मोडेम मालवेअरने ठप्प केले. सापडले ते कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले. ते मोडेम नुसतेच बंद पडले, हे त्यातल्या त्यात बरं. राऊटरमध्ये शिरलेला चोर गुपचूप डीएनएसचे आकडे बदलून गेला तर तुम्हाला काहीच कळत नाही आणि बँकेचं नाव टाइप केल्यावर चोराचं पान उघडू शकतं. अमेरिकेच्या एफबीआयने नोव्हेंबर २०११ मध्ये अशीच एक टोळी पकडली. तिच्या डीएनएस-चेंजर मालवेअरने शंभर देशांतले चाळीस लाख संगणक परस्पर दुसऱ्या डीएनएसकडे वळवले होते. त्या यंत्रांचं नेट एका रात्रीत तुटू नये म्हणून तपास यंत्रणेला जुलै २०१२ पर्यंत बदली डीएनएस चालवत ठेवावे लागले.

आता आयपीव्ही-सिक्स. भारतातल्या बहुतेक मोठ्या कंपन्या आता जुन्या लहान आकड्यांबरोबर हे नवे लांब पत्तेही देतात आणि फोन बहुधा आधी नवी वाट धरतात. राऊटरमध्ये फक्त जुन्या पद्धतीचे आकडे बदलले तर प्रश्न नव्या वाटेने कंपनीच्याच डीएनएसकडे जात राहतात, आणि तुम्ही लावलेली चाळणी कोरडीच राहते. म्हणून नव्या पद्धतीचे रकाने शोधून तेही भरा. नमुन्यादाखल, गूगलचा २००१:४८६०:४८६०::८८८८ आणि क्लाउडफ्लेअरच्या साध्या सेवेचा २६०६:४७००:४७००::११११. चाळणीवाल्या सेवांचे नव्या पद्धतीचे आकडे त्या त्या सेवेच्या साइटवरून उतरवून घ्या, कारण ते वेगळे आहेत.

हे सगळं करूनही साध्या पद्धतीत तुमचा प्रश्न उघड्या पोस्टकार्डासारखा जातो. वाटेतली इंटरनेट कंपनी तो वाचू शकते, आणि काही ठिकाणी तो मधेच अडवून स्वतःच उत्तर देण्याचीही पद्धत आहे. तुम्ही क्वाड-नाइनला विचारलंत असं तुम्हाला वाटतं आणि उत्तर कंपनीचं येतं. यावर उपाय प्रश्न कुलूपबंद करून पाठवण्याचा. अँड्रॉइड फोनमध्ये नवव्या आवृत्तीपासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ नावाची जागा आहे; सेटिंगच्या शोधात तेच शब्द टाका. तिथे आकडा चालत नाही, नाव लागतं: क्वाड-नाइनसाठी ‘डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट’, गूगलसाठी ‘डीएनएस डॉट गूगल’, क्लाउडफ्लेअरच्या कुटुंबाच्या दरवाजासाठी ‘फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम’, अर्थात इंग्रजी लिपीत. हे एकदा केलं की वाय-फाय असो की मोबाइलचा डेटा, फोनला तोच डीएनएस लागतो. मुलाने वाय-फाय बंद केल्याची भानगडही मिटते, निदान त्याला ही सेटिंग सापडेपर्यंत. आयफोनवर हेच काम सेवेच्या अ‍ॅपने किंवा प्रोफाइलने होतं. विंडोज ११ मध्ये, क्रोममध्ये आणि फायरफॉक्समध्येही अशी सोय आहे.

कुलूप लावलं म्हणजे कंपनीला काहीच दिसत नाही असं मात्र नाही. तुम्ही कुठल्या आकडी पत्त्याशी बोलता हे तिला दिसतंच, आणि बहुतेक साइटचं नावही जोडणीच्या सुरुवातीला अजून उघडं जातं. न्यायालयाच्या किंवा सरकारच्या आदेशाने बंद केलेल्या साइटही कंपन्या केवळ डीएनएसवर अडवत नाहीत. त्यामुळे डीएनएसने ‘सगळं उघडतं आणि सगळं लपतं’ असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्याकडून दुसरं काहीही विकत घेऊ नका. उलट अडचण प्रवासात येते. हॉटेल किंवा रेल्वे स्टेशनवरच्या वाय-फायचं लॉगिनचं पान प्रायव्हेट डीएनएस चालू असताना कधीकधी उघडत नाही. तेवढ्यापुरतं ते ‘आपोआप’वर ठेवायचं, आणि काम झाल्यावर पुन्हा चालू करायचं.

मोठ्या सेवाही पडतात. १.१.१.१ हा १४ जुलै २०२५ ला जगभर तासाभरासाठी बंद पडला. कारण हल्ला नव्हता, कंपनीचीच एक चुकलेली जुळवणी. भारतात तेव्हा तारीख उलटून पहाटेचे सव्वातीन वाजून गेले होते, म्हणून फारसा गवगवा झाला नाही. तो संध्याकाळी बंद पडला असता तर हजारो घरांतून केबलवाल्याला फोन गेले असते, आणि त्यात त्याची काही चूक नसती. याच्या उलट ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवा. फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप सहा तास गायब होते. फेसबुकने स्वतःच्याच नावांचे पत्ते सांगणारी यंत्रं चुकून नेटवरून उतरवली होती. त्या रात्री ज्यांनी आठ-आठ की एक-एक करत राऊटर उलटापालटा केला, त्यांची मेहनत फुकट गेली. एकच सेवा बंद आणि बाकी सगळं चालू असेल तर डीएनएसला हात लावू नका, वाट बघा. सगळंच बंद पण १.१.१.१ ला पिंग केल्यावर उत्तर येतंय, म्हणजे वायर ठीक आहे, डीएनएस आजारी आहे. तेव्हा दुसरी सेवा लावा.

अग्रहारातल्या घरांना मी काय सांगेन? घरात दोघं-तिघं जाणती माणसं असतील, नेट नीट चालत असेल आणि खासगीपणाची फार काळजी नसेल, तर राऊटरमध्ये कंपनीचा डीएनएस आहे तसा राहू द्या आणि फक्त फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस लावा. आजी-आजोबा दिवसा एकटे असतील तर राऊटरमध्ये क्वाड-नाइन किंवा १.१.१.२, मोजून जो जवळचा निघेल तो. लहान मुलं असतील तर १.१.१.३ किंवा अ‍ॅडगार्डचा कुटुंबाचा आकडा, राऊटरमध्येही आणि मुलाच्या फोनमध्येही. जाहिराती अडवणारा फक्त स्वतःच्या फोनमध्ये लावा, घरभर नको.

बदल केल्यावर तपासा. क्वाड-नाइन लावला असेल तर ‘ऑन डॉट क्वाड९ डॉट नेट’ हे पान उघडा, क्लाउडफ्लेअर असेल तर १.१.१.१ पुढे तिरपी रेघ आणि इंग्रजीत हेल्प. तुम्ही खरोखर त्याच सेवेला विचारताय का, हे तिथे कळतं. वाय-फायवर एकदा बघा, मोबाइलच्या डेटावर एकदा. मग घरातल्या नेहमीच्या गोष्टी चालवून पाहा: बँकेचं अ‍ॅप, गॅसचं बुकिंग, टीव्हीवरची मालिका, मुलाच्या शाळेचं अ‍ॅप. आठवडाभर कुणाची तक्रार आली नाही तर काम झालं.

शेवटचं काम कागदाचं. बदलण्याआधी राऊटरच्या जुन्या पानाचा फोटो काढून ठेवा आणि नवे आकडे, राऊटरचं लॉगिन व तारीख एका कागदावर लिहून तो कपाटात, बिलांच्या फायलीत ठेवा. राऊटरवरच चिकटवू नका, तिथे येणारा-जाणारा पाहतो. पुढच्या खेपेला वायर तुटली की केबलवाल्याचा माणूस येणार, टाचणीने मागचं बटण दाबून राऊटर कोरा करणार, आणि तुमचे आकडे व पासवर्ड दोन्ही पुसले जाणार. तो दारातून बाहेर पडला की तो कागद काढून सगळं पुन्हा भरायचं, आधी पासवर्ड आणि मग डीएनएस.